गेटवेवरून मांडव्याचं जहाज टिपायचं तर? बॅटलशिपच्या तोफांमागचं गणित

बातम्यांत ड्रोन आणि क्षेपणास्त्रं आली की 'फायर कंट्रोल रडार' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. मध्यंतरी आमच्या आईनं भाजी निवडता निवडता विचारलं, "एवढं सगळं पेटल्यावर मग ते विझवायला हे फायर कंट्रोलवाले जातात का?" आधी हसू आलं. मग समजावून सांगायला बसलो आणि माझीच पंचाईत झाली. रडारपासून सुरुवात केली तर काही केल्या पोचेना. शेवटी सव्वाशे वर्षं मागे गेलो. तेव्हा रडार नव्हतं, संगणक नव्हता, उपग्रह नव्हते, पण अडचण नेमकी हीच होती. तिथून सांगितल्यावर तिला पटकन कळलं. तेच इथे लिहितोय.

फायर कंट्रोल म्हणजे माऱ्याचं नियंत्रण. तोफ कुठे रोखायची, नळी किती उचलायची आणि नेमक्या कोणत्या क्षणी डागायची, हे ठरवणारी माणसं, यंत्रं आणि त्यांना जोडणाऱ्या तारा, या सगळ्याला मिळून हे नाव. आगीच्या बंबाशी संबंध नाही.

आधी अडचण किती मोठी आहे ते बघू

गेटवे ऑफ इंडियासमोर एक जहाज आहे असं धरा, आणि मांडव्याच्या धक्क्याजवळ दुसरं. सरळ रेषेत अंतर चौदा किलोमीटरच्या आसपास. हवा स्वच्छ असेल तर पलीकडचं जहाज क्षितिजावर काळसर रेघेसारखं दिसेल. हात लांब करून करंगळी समोर धरली तर नखाआड झाकलं जाईल, एवढंच.

त्या रेघेवर आता सहाशे-साडेसहाशे किलोचा गोळा नेऊन टाकायचा आहे. पहिल्या महायुद्धातल्या साडेतेरा इंची ब्रिटिश तोफेचा गोळा एवढा जड असे. त्याला तिथवर जायला वीस-पंचवीस सेकंद लागत. समोरचं जहाज २१ नॉट वेगानं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ११ मीटर, आडवं चाललं असेल तर तेवढ्या वेळात ते अडीचशे मीटर सरकतं. १९०६ साली नौदलात दाखल झालेल्या 'ड्रेडनॉट' या गाजलेल्या बॅटलशिपची (म्हणजे मोठ्या तोफांच्या, जाड चिलखताच्या युद्धनौकेची) लांबी १६० मीटर होती. म्हणजे जहाज दिसलं तिथंच नेम धरून मारलं, तर गोळा पडेपर्यंत ते स्वतःच्या लांबीच्या दीडपट पुढे निघून गेलेलं असतं.

लगोरी खेळलेल्यांना हे सांगायला नको. पळणाऱ्या गड्याला चेंडू मारायचा तर तो आहे तिथे फेकून चालत नाही, तो जिथे पोचणार तिथे फेकावा लागतो. लगोरीत हे डोळ्यांचा आणि हाताचा मेळ जमवून होतं, कारण गडी दहा पावलांवर असतो. चौदा किलोमीटरवर डोळ्यांना काही कळत नाही. शिवाय इथे चेंडू फेकणारासुद्धा पळतोय, आणि ज्या जमिनीवर पळतोय ती डुलतेय. जहाज कललं की तोफेची नळी कलते, आणि नळी एका अंशानं जरी वर-खाली झाली तरी गोळा हजार मीटरहून जास्त इकडेतिकडे पडतो.

(आपण क्रिकेटच्या बॉलरला गोलंदाज म्हणतो, तो मुळात तोफ डागणाऱ्याचा शब्द. त्याच्यापुढे निदान स्टंप तरी हलत नाहीत.)

चांगला नेमबाज असला की झालं ना?

एके काळी तेवढ्यावर भागत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आरमारं हजार-दीड हजार मीटरवरून मारा करण्याचा सराव करत. तिथंही आनंदच होता. १८९८ साली क्यूबातल्या सांतियागोजवळ अमेरिकन जहाजांनी स्पॅनिश ताफ्यावर साडेनऊ हजारांच्या आसपास गोळे डागले. लागलेले सव्वाशेसुद्धा भरले नाहीत. लढाई अमेरिकेनं सहज जिंकली म्हणून हा हिशेब फारसा कुणी मनावर घेतला नाही.

मनावर घेतला तो पर्सी स्कॉट नावाच्या एका ब्रिटिश कॅप्टननं. तोवर गोलंदाज जहाज डुलत डुलत नेमावर येण्याची वाट बघत आणि तो क्षण आला की तोफ डागत. स्कॉटच्या लक्षात आलं की एखादा पोऱ्या नळी सतत वर-खाली करत, जहाजाच्या डुलण्याबरोबर निशाण धरून ठेवतो. एकाला जमतं तर सगळ्यांना शिकवता येईल. त्यानं सरावासाठी एक साधं यंत्र बनवलं. त्यात ठिपका असलेला कागद वर-खाली हलायचा आणि नेम ठिपक्यावर असताना पेन्सिल टेकवायची. गोळे-दारू न उडवता रोजचा सराव. १८९९ साली त्याच्या 'सिला' या जहाजानं ७० पैकी ५६ गोळे लागू केले. तेव्हा नौदलात तीसेक टक्के म्हणजे बरं मानलं जाई.

पण हे यश जवळच्या अंतराचं होतं. दुसरीकडे टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून धावत जाऊन जहाज फोडणारी अस्त्रं, सुधारत चालले होते. जवळ जावं तर टॉर्पेडोच्या टप्प्यात सापडायचं, म्हणून लढाईचं अंतर वाढत गेलं. १९०५ च्या मे महिन्यात सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपान आणि रशियाची आरमारं भिडली, तेव्हा सुरुवातच साडेसहा किलोमीटरच्या आसपास झाली. अंतर तेवढं वाढल्यावर पोऱ्याची नजर कितीही तीक्ष्ण असो, नळी किती उचलायची ते त्याला कुणीतरी सांगावं लागतं. आणि सांगणाऱ्याला आधी अंतर कळावं लागतं.

अंतर कसं मोजायचं?

एक बोट नाकासमोर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतं. बोट लांब नेलं की उडी लहान होते. दोन डोळ्यांमधलं अंतर माहीत असेल आणि उडी मोजता आली तर बोट किती लांब आहे ते भूमितीनं काढता येतं.

बार आणि स्ट्राउड या इंग्लंडमधल्या दोन प्राध्यापकांनी हेच नळीत बसवलं. लांबलचक आडवी नळी, दोन टोकांना दोन 'डोळे', मध्ये बघणाऱ्याची जागा. त्याला समोरच्या जहाजाचं चित्र वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असं तुटून दिसायचं. चाक फिरवत डोलकाठीचे दोन तुकडे जुळवायचे, जुळले की अंतर वाचायचं. याला आपण अंतरमापक म्हणू. ब्रिटिश नौदलानं तो १८९० च्या दशकात घेतला. पहिल्या महायुद्धात बहुतेक ब्रिटिश जहाजांवर नऊ फूट नळीचे अंतरमापक होते.

आता इथली खोच बघा. नऊ फूट म्हणजे २.७४ मीटर. एवढ्याशा पायावर चौदा किलोमीटरचा त्रिकोण उभा करायचा. एका अंशाचे ३,६०० भाग केले आणि त्यातला एकच भाग मोजताना चुकला, तर अंतरात साडेतीनशे मीटरची चूक होते. जहाजाची रुंदी पंचवीस-तीस मीटर. निम्म्या अंतरावर हीच चूक चौपट कमी असते, कारण अंतर दुप्पट झालं की चूक चौपट वाढते. त्यात नळीला उन्हाचा चटका, इंजिनांची थरथर, चिमण्यांचा धूर, डोळ्यांत उडणारं खारं पाणी. एकाच जहाजावरचे दोन अंतरमापक एकाच क्षणी वेगवेगळं अंतर सांगत, आणि दोघंही आपापल्या परीनं प्रामाणिक असत.

म्हणून उरलेलं काम गोळ्यांनीच करावं लागे. गिझरच्या पाण्याचा नळ आपण कसा जमवतो? थंड आलं, थोडा फिरवला, चटका बसला, अर्धा मागे घेतला. तसंच पहिली सरबत्ती झाडायची, पाण्याचे खांब जहाजाच्या अलीकडे उठले की पलीकडे ते बघायचं, मग अंतर वाढवायचं किंवा कमी करायचं. काही खांब अलीकडे आणि काही पलीकडे उठले, की जहाज कवेत आलं. बघणारा अधिकारी डोलकाठीवरच्या माचीत बसे.

'ड्रेडनॉट'वर बारा इंची अशा एकाच मापाच्या दहा तोफा का बसवल्या, याची जी कारणं दिली जातात त्यातलं एक हे आहे. आधीच्या बॅटलशिपवर बारा इंची, सव्वानऊ इंची, सहा इंची अशी खिचडी असायची. लांबून पाण्याचे खांब बघून कोणता कुणाचा ते कळत नसे. एकच माप ठेवलं की तो गोंधळ मिटतो.

खरं दुखणं: अंतर थांबत नाही

इथवर बऱ्याच जणांना कळतं. पुढचा भाग नौदलातल्या मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्याही पचनी पडायला दहा वर्षं लागली.

दादर सुटल्यावर फास्ट आणि स्लो लोकल काही वेळ शेजारून धावतात. वेग सारखा झाला की समोरच्या दारातला माणूस जागच्या जागी उभा आहे असं वाटतं, त्याच्याशी गप्पा मारता येतील. दोन जहाजं एकाच दिशेला एकाच वेगानं चालली असतील तर तसंच होतं, अंतर बदलत नाही. एकमेकांच्या अंगावर वीस-वीस नॉटनी येत असतील तर मात्र दर मिनिटाला ते बाराशे मीटरनी कमी होतं. अंतरमापकानं आकडा वाचला, तो ओरडून खाली कळवला, तोफेवर बसवला, गोळा उडाला, पोचला, यात दीड मिनिट गेलं की तो आकडा शिळा.

म्हणजे अंतरापेक्षा अंतर बदलण्याचा दर कळणं जास्त मोलाचं. तो दर काढायला १९०२ च्या सुमाराला लेफ्टनंट जॉन ड्युमारेस्कनं एक तबकडी बनवली. मध्ये एक पट्टी, तिच्यावर आपला वेग. दुसरी फिरणारी पट्टी शत्रूच्या जहाजाची, तिच्यावर त्याचा वेग आणि दिशा. दोन्ही बसवल्या की काटा चौकटींच्या जाळीवर एका जागी येतो, आणि त्यावरून मिनिटाला अंतर किती बदलतंय आणि जहाज आडवं किती सरकतंय ते वाचता येतं. वेग आणि दिशांची बेरीज-वजाबाकी, हिशेब न करता. फक्त शत्रूचा वेग आणि दिशा अंदाजानं घालावी लागे.

हा दर मग एका घड्याळात घालायचा. व्हिकर्स कंपनीच्या या घड्याळाच्या चंद्यावर तासांऐवजी अंतराचे आकडे. काटा मिनिटाला किती सरकावा ते बदलता येई. आत एक तबकडी सारख्या वेगानं फिरते आणि तिच्यावर एक छोटं चाक टेकलेलं असतं. ग्रामोफोनची तबकडी आठवा. कडेचा बिंदू भरभर जातो, मधला जवळजवळ जागीच गिरकी घेतो. छोटं चाक कडेला नेलं की भरभर फिरतं, मध्याला आणलं की थांबतं, मध्याच्या पलीकडे गेलं की उलटं फिरतं. चाकाची जागा म्हणजे दर, चाकाचे एकूण फेरे म्हणजे बदललेलं अंतर. बारावीच्या गणितात ज्याला इंटिग्रेशन म्हणून आपण घाबरलो, ते हे. तबकडी आणि चाक.

पण इथेही एक मेख आहे. हायवेवर समोरून पलीकडच्या लेनमधून ट्रक येतोय. लांब असताना भराभर जवळ येतो. अगदी शेजारून जाताना क्षणभर अंतर बदलत नाही. मग भराभर लांब जातो. तुम्ही वेग बदलला नाही, त्यानं स्टिअरिंग हलवलं नाही, तरी अंतर बदलण्याचा दर सारखा बदलत राहिला. दोन जहाजं सरळ रेषेत चालली तरी हेच होतं. त्यामुळे एकदा बसवलेला दर थोड्याच वेळात खोटा ठरतो.

टाइपांच्या कारखान्यातला साहेब आणि खगोलशास्त्रज्ञाचा मुलगा

ही मेख पुरती ओळखणारा माणूस नौदलातला नव्हताच. आर्थर पोलेन हा छपाईची लिनोटाइप यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचा प्रमुख. १९०० साली माल्टाजवळ त्यानं नौदलाचा तोफांचा सराव बघितला. अंतर जेमतेम तेराशे मीटर. त्याच सुमाराला दक्षिण आफ्रिकेत लेडीस्मिथला नौदलाच्याच तोफा जमिनीवर उतरवून कित्येक पट लांबचा मारा करत होत्या. तोफ तीच, मग समुद्रावर ती अशी आंधळी का, या प्रश्नानं त्याला पछाडलं.

त्याला नावाजलेला भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन याचा सल्ला मिळाला. केल्विनचा भाऊ जेम्स थॉमसन यानं तबकडी आणि चाकाच्या मध्ये एक गोल चेंडू घालून हेच इंटिग्रेशनचं यंत्र आधीच शोधलं होतं. चाक तबकडीवर घासत सरकतं, चेंडू लोळतो, म्हणून दर बदलत असतानाही हिशेब घसरत नाही. केल्विननं ते भरती-ओहोटीच्या नोंदींचं पृथक्करण करायला वापरलं होतं. (केल्विनच्या तत्त्वावरचं भरतीचं भाकीत करणारं एक यंत्र १८७९ साली खास हिंदुस्थान सरकारसाठी लंडनमध्ये तयार झालं. मुंबईत अपोलो बंदरावर भरतीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. कोळ्यांच्या उपयोगाचं आणि गोलंदाजांच्या उपयोगाचं गणित असं एकाच घरातून निघालं.)

पोलेन आणि त्याचा अभियंता हॅरल्ड इशरवुड यांनी यातून 'आर्गो घड्याळ' तयार केलं. एकदा आकडे घातले की दर कसा बदलत जाणार हेसुद्धा ते स्वतः सांभाळायचं, अगदी आपलं जहाज वळत असतानाही.

त्याच वेळी फ्रेडरिक ड्रेयर हा नौदलातलाच तोफखान्याचा अधिकारी स्वतःचं यंत्र बनवत होता. आडनाव ओळखीचं वाटलं का? आकाशातल्या तेजोमेघांना आणि दीर्घिकांना 'एनजीसी' क्रमांक असतात, ती यादी करणारे खगोलशास्त्रज्ञ ड्रेयर हे याचे वडील. मुलाचं यंत्र म्हणजे 'ड्रेयर टेबल'. त्यात सरकत्या कागदावर अंतरमापकांचे आकडे ठिपक्यांनी उमटत जात. दवाखान्यात खाटेशी लटकवलेला तापाचा तक्ता असतो ना, तसा. एक ठिपका चुकीचा असू शकतो, पण दहा ठिपक्यांचा उतार सहसा खोटं बोलत नाही. उताराला समांतर तार फिरवायची आणि दर वाचायचा.

नौदलानं ड्रेयरला निवडलं आणि १९१२-१३ मध्ये पोलेनशी संबंध तोडले. कोण बरोबर होतं यावर इतिहासकार अजून भांडतात. जॉन सुमिदा पोलेनच्या बाजूचे, जॉन ब्रुक्स ड्रेयरच्या. मला विचाराल तर पोलेनचं गणित सरस होतं, आणि ड्रेयरचा तापाचा तक्ता चुकीच्या आकड्यांना जास्त समजून घेणारा होता. समुद्रावर चुकीचे आकडे भरपूर येतात. १९२५ साली शोधकांना बक्षिसं देणाऱ्या सरकारी आयोगानं पोलेनला ३०,००० पौंड दिले. आपल्या कल्पना ड्रेयर टेबलात गेल्या हे त्याचं म्हणणं निदान पैशापुरतं मान्य झालं.

चिलखताखालची खोली

हे टेबल जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, चिलखती डेकच्या आड असे. लोखंडी बाकासारखं, आठ-दहा माणसं भोवती. एक अंतरमापकाचे ठिपके टोचतोय, एक तार फिरवतोय, एक ड्युमारेस्कचा काटा सांभाळतोय, एक डोलकाठीवरून नळीतून आलेला आवाज ऐकून 'दोनशे वाढवा' म्हणतोय. समुद्र कुणालाच दिसत नाही. बाहेर लढाई चाललीय हे कळतं ते आपल्या तोफांच्या हादऱ्यानं.

इथे बसवलेली पुष्कळ माणसं ब्रिटिश जहाजांवरच्या बँडमधली असत. शांततेच्या दिवसांत डेकवर क्लॅरिनेट वाजवणारे. लढाईत बँडचं काम नसतं, आणि एकमेकांकडे न बघता तालात हात चालवायची सवय त्यांना आधीच असते. पुढे हा नौदलाचा रिवाजच झाला.

हिशेबात फक्त दोन जहाजं नसत. वारा, हवेची घनता, दारूचं तापमान (गरम कॉर्डाइट गोळ्याला जास्त जोरात ढकलतं), नळी किती झिजलीय, आणि नळीतल्या आट्यांमुळे गोळा स्वतःभोवती फिरत एका बाजूला किती वाहतो, हे सगळं मिळवलं जाई.

दहा तोफा, एक बोट

आकडा बरोबर आला तरी प्रत्येक गोलंदाज आपापल्या दुर्बिणीतून, आपापल्या धुरातून नेम धरत असेल तर सगळं वाया. पर्सी स्कॉटचा शेवटचा हट्ट याचसाठी होता. डोलकाठीवर, धुराच्या वर एकच दुर्बीण ठेवायची. तिच्या हालचाली विजेच्या तारांनी खाली प्रत्येक तोफेजवळच्या काट्यापर्यंत न्यायच्या. खालच्या गोलंदाजानं बाहेर बघायचंच नाही, आपला काटा त्या काट्यावर आणून ठेवायचा. आणि सगळ्या तोफा वरचा एकच माणूस एका कळीनं डागणार. याला डायरेक्टर म्हणत.

नौदलातल्या बऱ्याच जणांना हे रुचलं नाही. एका गोळ्यानं वरची माची उडवली तर सगळं जहाज आंधळं होईल, असं ते म्हणत, आणि ते अगदीच चूक नव्हते. १९१२ च्या नोव्हेंबरमध्ये डायरेक्टर असलेली 'थंडरर' आणि नसलेली 'ओरायन' यांची शर्यत लावली. अंतर आठ किलोमीटरच्या वर, समुद्र डुलता, वेळ काही मिनिटं. 'थंडरर'चे सुमारे सहापट गोळे लागले. तरीही १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं तेव्हा जेमतेम आठ ब्रिटिश बॅटलशिपवर डायरेक्टर बसला होता.

माची उडण्याच्या भीतीचं उदाहरण आपल्याशी जोडलेलं आहे. १९३९ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या रिव्हर प्लेटच्या लढाईत 'अकिलीस' या क्रूझरच्या डायरेक्टर मनोऱ्यात जर्मन गोळ्याचे तुकडे घुसले आणि आतली काही माणसं मेली. तेच जहाज १९४८ साली भारतानं घेतलं. पुढे तीस वर्षं ते 'आयएनएस दिल्ली' म्हणून आपल्या नौदलात होतं.

एवढं करून शंभरात तीनच?

३१ मे १९१६. डेन्मार्कच्या पश्चिमेला, जटलंडजवळ, ब्रिटिश आणि जर्मन मिळून अडीचशेच्या आसपास जहाजं समोरासमोर आली. ब्रिटिशांनी साडेचार हजारांच्या आसपास मोठे गोळे डागले, जर्मनांनी साडेतीन हजारांच्या वर. लागलेले दोन्हीकडचे साधारण सव्वाशे-सव्वाशे. शंभरात तीनच्या अलीकडे-पलीकडे.

म्हणजे सगळी यंत्रं फुकट गेली का? सांतियागोला याच्याहून कमी लागले होते, आणि तेही कितीतरी जवळून. शिवाय सरासरी इथे फसवी आहे.

दुपारी पावणेचारनंतर दोन्हीकडच्या बॅटलक्रूझर भिडल्या. बॅटलक्रूझर म्हणजे मोठ्या तोफांच्या पण पातळ चिलखताच्या वेगवान नौका. ब्रिटिश पश्चिमेला होते, त्यांच्यामागे उजळ आकाश, आणि वारा त्यांच्याच तोफांचा आणि चिमण्यांचा धूर शत्रूच्या दिशेला, म्हणजे स्वतःच्या डोळ्यांसमोर नेत होता. त्यांनी अंतर खरं होतं त्यापेक्षा खूप जास्त धरलं आणि पहिल्या सरबत्त्या पार पलीकडे पडल्या. जर्मनांकडे झाइस कंपनीचे अंतरमापक होते. त्यांत बघणारा दोन्ही डोळे वापरून खोली जोखायचा. पहिल्या काही मिनिटांत त्यांनी टप्पा पकडला. चार वाजून गेल्यावर 'इंडिफॅटिगेबल' हे ब्रिटिश जहाज उडालं, चार वाजून २६ मिनिटांनी 'क्वीन मेरी'. 'क्वीन मेरी' हे बॅटलक्रूझरमधलं उत्तम नेमाचं जहाज मानलं जाई. पोलेनचं आर्गो घड्याळ तिच्यावर होतं.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला बाजू पालटली. आता ब्रिटिशांचा मुख्य ताफा पूर्वेला धुक्यात होता आणि जर्मन जहाजं मावळतीच्या उजेडावर कोरल्यासारखी दिसत होती. सरसेनापती जेलिकोच्या 'आयर्न ड्यूक'नं अकरा किलोमीटरवरून 'क्योनिग' या जर्मन बॅटलशिपवर मारा केला. पाच मिनिटांच्या आत ४३ गोळे, त्यातले सात लागले. सहात एक. 'आयर्न ड्यूक'चा कॅप्टन होता फ्रेडरिक ड्रेयर.

यंत्र तेच, माणसं त्याच तालमीतली. बदलला तो उजेड. चिलखताखालच्या खोलीत कितीही शहाणं टेबल असलं तरी त्याला आकडे पुरवणारा डोळा वर धुरातच बसलेला असतो.

भराभर गोळे मारत सुटलं तर काही तरी लागेलच की

हा प्रश्न तेव्हाच्या अधिकाऱ्यांनाही पडला होता, आणि त्याचं उत्तर फार महागात पडलं. एक तर घाईनं मारलं की पाण्याचे खांब एकमेकांत मिसळतात आणि कोणता कधीचा ते कळत नाही. दुसरं, दारूगोळा मोजकाच असतो, एका तोफेमागे शंभराच्या आसपास.

तिसरं कारण सगळ्यात वाईट. आपला नेम कच्चा आहे हे ब्रिटिश बॅटलक्रूझरना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी वेगावर भर दिला. वेग वाढवायचा तर दारूकोठार ते तोफ यांच्यामधले ज्वाळा अडवणारे दरवाजे दर वेळी उघड-बंद करत बसायला वेळ नाही. ते उघडेच राहिले. कॉर्डाइटच्या पिशव्या आधीच काढून वाटेत रचून ठेवलेल्या. त्या दिवशी तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर अशा फुटल्या, ३,३०० हून अधिक माणसं गेली, आणि बऱ्याच अभ्यासकांच्या मते पातळ चिलखतापेक्षा ही सवय जास्त जबाबदार होती. 'लायन' या ब्रिटिश बॅटलक्रूझरवरही मधल्या बुरुजावर, म्हणजे तोफा बसवलेल्या फिरत्या चिलखती खोलीवर, गोळा पडला. जबर जखमी झालेल्या मेजर फ्रान्सिस हार्वीनं बोलण्याच्या नळीतून कोठाराचे दरवाजे बंद करून पाणी सोडायचा हुकूम दिला, म्हणून ते जहाज वाचलं. जर्मनांना हा धडा सव्वा वर्ष आधी मिळाला होता. १९१५ च्या जानेवारीत डॉगर बँकच्या लढाईत 'झायडलिट्झ'चे मागचे दोन बुरूज जळाले, तेव्हापासून ते सावध झाले होते.

कच्च्या नेमाची भरपाई वेगानं करायची, वेगासाठी दरवाजे उघडे ठेवायचे. अंतरमापकातल्या एका अंशाच्या ३,६०० व्या भागापासून हा धागा थेट त्या कोठारापर्यंत जातो.

संगणक आल्यावर हे सगळं भंगारात गेलं असेल?

बराचसा भाग गेला. दुसऱ्या महायुद्धात रडार आलं आणि अंतरमापकाची आरडाओरड थांबली. पण दातेरी चाकांची हिशेबाची यंत्रं टिकली, कारण ती मुळात संगणकच होती. फक्त आकडे विजेत न ठेवता चाकांच्या फेऱ्यांत ठेवणारी.

अमेरिकेनं १९८० च्या दशकात 'आयोवा' वर्गातल्या चार जुन्या बॅटलशिप पुन्हा सेवेत आणल्या. क्षेपणास्त्रं बसवली, नवी रडार बसवली. सोळा इंची तोफांसाठी मात्र १९४० च्या दशकातलीच दातेरी चाकांची यंत्रं ठेवली, कारण बदलून नेम काही सुधारणार नव्हता. १९९१ च्या आखाती युद्धात 'मिझुरी' आणि 'विस्कॉन्सिन' यांनी इराकी ठाण्यांवर याच तोफा डागल्या. गोळे अलीकडे पडतायत की पलीकडे हे बघायला डोलकाठीवरचा माणूस नव्हता. जहाजावरून सोडलेली 'पायोनियर' नावाची ड्रोन घिरट्या घालत चित्रं पाठवत होती. कुवेतच्या फैलका बेटावरच्या इराकी सैनिकांना तोवर कळून चुकलं होतं की ही घरघर आली की थोड्या वेळात गोळे येतात. 'विस्कॉन्सिन'चं ड्रोन डोक्यावर आल्यावर त्यांनी पांढरी फडकी हलवत त्या ड्रोनपुढेच शरणागती पत्करली.